दंडुका राज्याचा, तिजोरी दिल्लीची

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर जे पोलीस उभे होते, त्यांच्यापैकी काहींच्या हाती लाठ्या होत्या आणि काहींच्या हाती जुनाट ‘थ्री नॉट थ्री’ बंदुका. समोरून स्वयंचलित रायफलींचा वर्षाव होत होता. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीला मिठी घातली आणि तिच्या गोळ्या आपल्या देहावर झेलल्या. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले, ते यथोचितच झाले. परंतु समुद्र ओलांडून आलेल्या परकीय शत्रूसमोर राज्याचा पोलीस लाठी घेऊन उभा राहिला तो कोणाच्या हलगर्जीमुळे, आणि त्याला बंदूक देण्याचा खर्च कोणी करावयाचा होता, या प्रश्नाचा निकाल अशोकचक्राने लागत नाही.

आमच्या संविधानकारांनी पोलीस हा विषय राज्यसूचीत घातला. तो निर्णय शहाणपणाचा होता आणि तो बदलावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पण त्याच संविधानाच्या ३५५ व्या अनुच्छेदाने बाह्य आक्रमणापासून आणि अंतर्गत अशांततेपासून प्रत्येक राज्याचे रक्षण करण्याचे कर्तव्य संघराज्यावर टाकले आहे. कर्तव्य दिल्लीचे आणि ते प्रथम बजावणार गल्लीतला शिपाई, अशी ही व्यवस्था आहे. मग त्या शिपायाच्या खर्चाचा उचित भाग दिल्लीने सोसावा, हे ओघानेच येते. राज्यांनी यासाठी हात पसरून उभे राहावे, हा प्रकार आम्हांस लाजिरवाणा वाटतो.

या बाबतीत मध्यवर्ती सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्य पोलीसदलांच्या आधुनिकीकरणाची योजना १९६९ पासून चालू आहे. मात्र तिची चाल पाहावी. २०१५–१६ च्या अंदाजपत्रकात, राज्यांना करांचा वाटा वाढवून मिळाला या सबबीवर, मध्यवर्ती आधार काढून घ्यावयाच्या आठ योजनांच्या यादीत हिचे नाव झळकले. २०१७ मध्ये २५,०६० कोटींच्या नव्या छत्राखाली तिला पुन्हा आसरा मिळाला. २०२२ मध्ये २०२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटी मंजूर झाले. आकडा भव्य खरा, पण त्यातले १८,८३९ कोटी जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि नक्षलग्रस्त टापू यांच्या सुरक्षाखर्चासाठी होते. सर्व राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाच्या वाट्याला आले ४,८४६ कोटी. म्हणजे अवघ्या देशासाठी वर्षाला हजार कोटीही नव्हेत! याच्याशेजारी २०२३–२४ या एकाच वर्षी केंद्रीय सशस्त्र पोलीसदलांसाठी ठेवलेली ९४ हजार कोटींहून अधिक रक्कम मांडून पाहावी. ती दले आवश्यक आहेत, सीमा राखतात, हे आम्ही जाणतो. परंतु राज्यावर प्रसंग ओढवला आणि त्याने यांतील तुकड्या मागविल्या, की त्यांचा आकार राज्याच्याच माथी मारला जातो. स्वतःचे पोलीस धड पोसता येऊ नयेत आणि पाहुण्यांचे मात्र बिल भरावे, असा हा व्यवहार आहे.

किनाऱ्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सागरी सुरक्षेच्या २००५ मधील पहिल्या योजनेत देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ नौका मंजूर झाल्या. त्या योजनेच्या मुदतीतच कसाब आणि त्याचे साथीदार कफ परेडच्या कोळीवाड्यालगत उतरले. नौका दिल्लीने द्यावी, काही वर्षे तिचे इंधन आणि डागडुजीही पाहावी. पण ती चालविणारी माणसे राज्याने आणावी आणि मुदत सरली की पुढचे राज्याने निस्तरावे, असा बेत होता. शत्रू काही मुदत पाहून येत नाही. सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्याची राखण ही महाराष्ट्राची घरगुती बाब आहे काय?

आता वाटपाच्या कसोट्यांविषयी. लोकसंख्या, मंजूर पोलीसबळ, ठाण्यांची संख्या, गुन्ह्यांचे प्रमाण या मोजमापांवर असे वाटप होत आले आहे. वरवर पाहता हे निःपक्षपाती दिसते. परंतु मंजूर बळ हे माप धरले, की दर लाख वस्तीमागे सर्वांत कमी पोलीस असलेल्या बिहारसारख्या राज्याला गरीब म्हणूनच कमी मिळते. नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या हे गुन्हेगारीइतकेच ठाणेदाराच्या प्रामाणिकपणाचेही माप असते. आणि शिरगणतीत मुंबईचे रहिवासी मोजले जातात. पण रोज सकाळी विरार, कर्जत, कसाऱ्याहून येऊन रात्री परतणारे लाखो लोक मुंबई पोलिसांच्या लेखी असतात, शिरगणतीच्या लेखी नसतात. आम्ही महाराष्ट्राची बाजू मांडतो म्हणून बिहारचे दुखणे झाकून ठेवावे, हे आम्हांस पटत नाही.

आम्ही ज्यांच्याकडून ही पोलीसपद्धती उचलली त्या इंग्रजांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १८५६ च्या कायद्याने विलायतेत स्थानिक पोलिसांच्या पगार व गणवेशाच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून मिळू लागला, आणि तोही निरीक्षकांनी दल कार्यक्षम असल्याचा दाखला दिला तरच. १८७४ मध्ये तो हिस्सा निम्म्यावर गेला. तिथेही पुढे गणिती सूत्रांचा घोळ झालाच. २०१५ मध्ये नवे सूत्र आकडेमोडीतील चुकीपायी मंत्र्यांना मागे घ्यावे लागले. पण चूक झाली ती चारचौघांत दिसली, कारण सूत्र उघड्यावर होते.

हा सारा दोष दिल्लीच्या पदरात टाकून मुंबईतील सत्ताधाऱ्यांना मोकळे सोडण्याचा आमचा इरादा नाही. आधुनिकीकरणाचा पैसा वेळेत खर्च होत नाही, उपयोगिता प्रमाणपत्रे रखडतात आणि त्यामुळे पुढचा हप्ता अडतो, ही कहाणी अनेक राज्यांची आहे. २०२० च्या आरंभी देशातील पोलिसांची पाच लाखांहून अधिक मंजूर पदे रिकामी होती. रिकामे पद म्हणजे वाचलेला पगार, असा हिशेब अर्थखात्यांत चालत असावा अशी शंका येते. आणि ज्या सरकारला पैशाची एवढी चणचण भासते, त्याच महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क घटविले, आणि तेही २०११ पासून पूर्वलक्षी रीतीने! उच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले ते अकारण नव्हे. गणेशोत्सवात अठरा तास उभ्या राहणाऱ्या हवालदाराने हे वाचले असेल तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल?

त्या हवालदाराचा विचार या साऱ्यात क्वचितच होतो. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पोलिसांच्या पिढ्या नांदल्या. २०१६ मध्ये तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग केला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. गिरणी कामगाराला जे फार पूर्वी मिळाले, ते पोलिसाला मिळणे ही बातमी ठरावी! दोन पाळ्यांच्या तीन करावयाच्या तर माणसे हवीत. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तपास आणि बंदोबस्त वेगळे करण्यास सांगितले, त्यालाही माणसे हवीत. हुकूम सुटले, पैसा सुटला नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठी २०२१ ते २०२६ या काळात २ लाख ३८ हजार कोटींचा, वर्षाअखेर रद्द न होणारा निधी सुचविला होता, आणि राज्य पोलिसांचे आधुनिकीकरण त्यात गृहीत होते. सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतरची वर्षे यंत्रणा कोणती असावी याच्या विचारात गेली. आमची मागणी साधी आहे. हा निधी उभारावा. त्यातील राज्य पोलिसांचा हिस्सा मंत्रालयाच्या मर्जीवर न ठेवता वित्त आयोगाच्या शिफारशीने, पाच वर्षांसाठी आगाऊ ठरवावा. वाटपाचे सूत्र संसदेपुढे ठेवून छापावे, आणि ये-जा करणारी वस्ती, किनारा व गरिबी यांना त्यात स्थान द्यावे. राज्याने रिकामी पदे भरली की नाही याची तपासणी करून मगच पुढचा हप्ता सोडावा. महाराष्ट्राचा हप्ता या कारणाने अडला तर आम्ही दिल्लीला बोल लावणार नाही. लोकसभेतील आमच्या ४८ प्रतिनिधींपैकी हा विषय हाती घेऊन प्रश्न विचारणारा कोण निघतो, हे आम्ही पाहत राहू.