वाघिणीच्या तोंडातलं पिल्लू

बायबलातला महापूर म्हटलं की डोळ्यांपुढे येतं नोहाचं तारू. गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराच्या ‘महापूर’ या छापचित्रात मात्र तारू नाहीच.

चहूकडे खवळलेलं पाणी. मधोमध एकच खडक वर उरलेला. त्याच्या माथ्यावर वाघीण, तिच्या तोंडात पिल्लू. त्याच खडकावर माणसांची उघडीनागडी लेकरं. खाली बुडणारे आईबाप उरलंसुरलं बळ एकवटून आणखी एक मूल वर ढकलताहेत. पोर वाघिणीजवळ ठेवायला ते कचरत नाहीत! प्रलय किती मोठा, हे एवढ्यावरून कळतं.

फ्रान्समधल्या तूर शहरातल्या ‘माम’ या प्रकाशनसंस्थेने १८६६ साली दोरेचं सचित्र बायबल काढलं. दोन भलेथोरले खंड, सव्वादोनशेहून अधिक चित्रं. ती लाकडावर कोरली इतरांनी. एलिओदोर पिझाँ हा त्यांतला नामवंत. बॉक्सवूडचं झाड बारीक खोडाचं, म्हणून आडव्या कापाचे तुकडे जोडून मोठा ठोकळा करायचा. दोरे त्यावर शाई आणि कुंचल्याने छाया भरून देई. खरी परीक्षा पुढे. ठशाला करडा रंग ठाऊकच नसतो. लाकूड राहिलं तिथे काळं, कोरून काढलं तिथे पांढरं. ढगांची काळोखी, लाटेवरची लकाकी, वाघिणीची ओली पाठ, सगळं केसासारख्या रेघांच्या दाटी-विरळीतून उभं करायचं. कोरणी घसरली की तो भाग नव्याने बसवावा लागे. या कारागिरांना चित्राचं निम्मं श्रेय द्यायलाच हवं.

मराठीत महापुराची ही कथा दोरेच्या अडीचशे वर्षं आधी आली. फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात, रायतूरला, रोमन लिपीत छापलं गेलं.

बेंगळुरूतल्या मराठी वाचकाला पुराची आठवण दूरची नाही. सप्टेंबर २०२२मध्ये तिथल्या बेळ्ळंदूर भागात माणसं बोटींतून आणि ट्रॅक्टरवरून बाहेर काढावी लागली होती.

दोरेची चित्रं आता हक्कमुक्त आहेत, मोबाइलवरही सहज मिळतात. ‘महापूर’ जरूर उघडा, बोटांनी मोठं करा. आधी वाघीण पाहा, मग सावकाश खाली, पाण्याच्या कडेला या आणि रेघा कशा वळल्या आहेत ते बघा.