लॅम्प्रे अजून गाळात आहे

२०२४च्या अखेरीस ग्रेट लेक्स फिशरी कमिशननं सांगून टाकलं, सुपीरिअर सरोवरातला लेक ट्राउट पुन्हा पहिल्यासारखा झाला. चार महिनेही उलटले नाहीत तोच, फेब्रुवारी २०२५मध्ये, माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या लॅम्प्रेचा बंदोबस्त करणाऱ्या बारा अमेरिकी कर्मचाऱ्यांना सरकारनं घरी बसवलं. ओरड झाली म्हणून परत घेतलं, पण ही गोष्ट मला जिव्हारी लागली. हा ट्राउट परत येताना मी पाहिलाय.

आधीची कहाणी थोडक्यात. एके काळी सुपीरिअरमधून वर्षाला २० लाख किलोंच्या आसपास ट्राउट निघत. उपसा बेसुमार होताच. त्यात वेलंड कालव्यानं नायगारा धबधब्याला वळसा मिळाला आणि समुद्री लॅम्प्रे आत शिरला. १९३८ला तो सुपीरिअरमध्ये दिसला. १९६२ला व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. व्हर्नन ॲपलगेटच्या चमूनं हजारो रसायनं तपासून ओढ्यांतल्या लॅम्प्रेच्या पिलांना मारणारं एक औषध शोधलं, म्हणून निभावलं.

मी सुपीरिअरकाठच्या मार्क्वेटला होतो ते ऐंशीच्या दशकात. १९७९ला न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी निकाल दिला होता की १८३६च्या करारानं मूळनिवासी ओजिब्वे आणि ओडावा लोकांचा मासेमारीचा हक्क शाबूत ठेवला आहे. त्यानंतर धक्क्यावर जे कानावर पडे, ते आठवलं की आजही संताप येतो. मासा संपवला तो यांच्या जाळ्यांनी, असं माझा एक सहकारी छातीठोकपणे सांगायचा. ट्राउट बुडाला तेव्हा सरोवरभर जाळी कुणाची होती, कालवा कुणी खणला होता, हे तो कधी विचारत नसे. पुढे कीवीनॉ बेच्या ओजिब्वेंनी स्वतःच्या मत्स्यबीज केंद्रात ट्राउटची पिलं वाढवून सरोवरात सोडली. त्या सहकाऱ्यानं त्याचा उल्लेख एकदाही केला नाही.

त्या काळी मासा हातात आला की आधी त्याचे पर बघायचे. केंद्रात वाढवलेल्या पिलांचा एखादा पर छाटून मगच त्यांना सोडत. सगळे पर शाबूत म्हणजे मासा सरोवरातच जन्मलेला. मग कुशीवर बघायचं: लॅम्प्रे चिकटून गेला असेल तर जुन्या रुपयाएवढी गोल, सोललेली जखम. दशक सरत गेलं तसे अख्ख्या परांचे मासे वाढले, आणि १९९६च्या सुमारास बहुतेक भागात पिलं सोडणंच थांबलं. ट्राउट वाढले, त्यांचं खाद्य असलेले स्मेल्ट मासे घटले, तशी एकेका ट्राउटची वाढ मंदावली. हौशी गळवाले कुरकुरले, त्यांना भरभर फुगणारा सॅमन हवा होता. खडकाळ उथळीवर स्वतःची अंडी घालणारा, सावकाश वाढणारा मासा हीच खरी कमाई होती, हे त्यांना पटलं नाही.

नंतरची वर्षं शांत गेली, आणि शांततेत माणसं विसरतात. २०२०-२१ला कोविडमुळे औषधफेऱ्या कमी झाल्या आणि नंतर लॅम्प्रे वाढले. एक मादी ६० हजारांच्या आसपास अंडी घालते. पिलं ओढ्याच्या गाळात काही वर्षं दडून राहतात. एक उन्हाळा चुकला तर त्याची किंमत पुढे मोजावी लागते. म्हणून मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटात मतदार असलेल्या मराठी वाचकांना माझी कळकळीची विनंती: आपल्या खासदाराला पत्र लिहा, लॅम्प्रेच्या कामावरची माणसं आणि पैसा दरवर्षी वेळेवर मागा.