मॉरिशसमधील मराठी मूळपुरुषाचा शोध आणि नामलेखनाचा प्रश्न

मॉरिशसमधील मराठी घराण्याचा मूळपुरुष शोधू जाणाऱ्यास पहिली अडचण येते ती काळाच्या अंतराची नव्हे, नावाची होय. घराण्याचे आजचे आडनाव हे बहुधा आडनावच नसते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः रत्नागिरीकडील मराठी भाषिकही होते. नोंद करणाऱ्या कारकुनास प्रवाशाचे नाव व बापाचे नाव पुरेसे होते. पुढे मुलांच्या जन्मनोंदींत हेच व्यक्तिनाम आडनावाच्या जागी गेले आणि तेथे स्थिरावले. यास्तव ‘रामजी’ हे आडनाव लावणारी दोन कुटुंबे एका कुळाची मानण्यास आधार नाही. दोघांच्या मूळपुरुषांची नावे सारखी होती, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

हा प्रश्न आता निव्वळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची नोंदणी करता येईल, असे मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी तेथे जाहीर केले. अर्थात वंशसंबंध कागदाने सिद्ध करणे आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या प्रवासी-नोंदवह्यांना त्यामुळे नवे महत्त्व लाभले आहे. या वह्यांतील सर्वांत विश्वसनीय बाब म्हणजे प्रवाशाचा क्रमांक. नावाचे लेखन दर कचेरीत पालटे, क्रमांक मात्र जन्मभर एकच राही. संशोधकाने नावाकडून क्रमांकाकडे जाण्याऐवजी, शक्य तेथे, क्रमांकाकडून नावाकडे यावे हे उत्तम.

नावाचे वाचन हे भाषाभ्यासकाचे काम होय. मराठी उच्चार, तो ऐकणारा परभाषी कान आणि रोमन लिपी अशा तीन चाळण्यांतून ते नाव उतरलेले असते. रोमन लेखनात ट-त, ण-न, ळ-ल हे भेद उरत नाहीत. ‘बाळा’ आणि ‘बाला’ एकरूप होतात. महाप्राण गळाला की सखारामाचा ‘सकाराम’ होतो. ‘पांडू’ असे वाचता येणारे नाव पांडुरंगाचे असेल किंवा पंढरीनाथाचे. दोन्ही अखेर एकाच विठ्ठलाची, परंतु दप्तराच्या दृष्टीने माणसे दोन! सर्वांत फसवे अक्षर ‘यू’ हे होय. एकोणिसाव्या शतकातील जुन्या इंग्रजी वळणात ते पुष्कळदा ‘अ’ दाखवी. हंटर यांची पद्धती १८७० नंतरच्या दशकात सरकारी लेखनात रूढ होऊ लागल्यावर तेच ‘उ’ दाखवू लागले. तेव्हा एकाच रोमन लेखनातून ‘गणाजी’ व ‘गुणाजी’ ही दोन्ही नावे निघू शकतात. निवड करावयाची ती नोंदीचे वर्ष पाहून. आजच्या अक्षरमूल्यांनी जुनी नोंद वाचणे ही या क्षेत्रातील नित्याची चूक आहे.

गावाच्या नावासही हेच नियम लागू पडतात. शिवाय प्रशासकीय सीमा हलल्या आहेत. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग ही एकेकाळी तालुक्यांची नावे होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निराळा झाला. सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होते.

कागद थांबला की संशोधक मौखिक परंपरेकडे वळतो. मॉरिशसच्या मराठी समाजाने गोंधळ व जाखडी जतन केली आहे. जाखडी कोकणाकडे बोट दाखवते, यात संशय नाही. पण ती प्रदेश सांगते, घर सांगत नाही. गोंधळाबाबत अधिक सावध राहावे. गोंधळात तुळजापूरच्या भवानीस आवाहन होते म्हणून गाणाऱ्याचे पूर्वज तुळजापूरकडचे, असे अनुमान लातूरकडील अभ्यासकास मोहक वाटेल. परंतु हे आवाहन महाराष्ट्रभर चालते. पुराव्याचे मोल आहे ते सर्वसाधारण आवाहनात न सापडणाऱ्या, एखाद्या लहान ग्रामदैवताच्या नावाला.

विष्णुपुरीत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली येथून येणाऱ्या विद्यार्थ्यास ही पद्धत तपासून पाहण्यासाठी समुद्रापार जावयास नको. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथे १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. उर्दू लिपीत ट-त हा भेद टिकतो, पण ळ व ण यांना स्वतंत्र चिन्हे नाहीत आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ‘माळी’ व ‘माली’ तेथेही एक होतात. ‘गणाजी’ व ‘गुणाजी’ यांचा घोटाळाही तेथे होतो, फक्त त्याचे कारण निराळे. रोमन लेखनात एक अक्षर दोन स्वरांचे काम करी, तर येथे स्वर लिहिलाच जात नाही. म्हणून येथे नोंदीचे वर्ष उपयोगी पडत नाही. त्याच गावची मोडीतील कागदपत्रे शेजारी ठेवून नाव ताडून पाहावे लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसला तरी अ आणि उ यांची गल्लत होत नाही.