निरोप थांबतो, आवाज थांबत नाही



संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल भाईंदर सोडते आणि वसईच्या खाडीवरील पुलावर येते. गर्दीत कसाबसा उभा असलेला एक मुलगा खिशातून फोन काढून आईला दोनच शब्द लिहितो, "नायगाव येतंय." इकडे घरी आई कुकर गॅसवर चढवते. त्याच डब्यात खिडकीशी बसलेले एक आजोबा दुबईला राहणाऱ्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलत असतात. पुलावर गाडी आली की नातीचे उघडलेले तोंड उघडेच राहते, चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि आवाज तुटतो. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत आजोबा फोन वरखाली करू लागतात.

डबा तोच, खाडी तीच, आणि दोघांचे फोन ज्या रेडिओलहरींवर चालतात त्याही एकाच जातीच्या. मग मुलाचा निरोप बिनबोभाट पोहोचला आणि आजोबांचे बोलणे मात्र अडखळले, असे का व्हावे? "नेटवर्क नव्हते" हे उत्तर तुम्ही चटकन द्याल. पण नेटवर्क नव्हते तर मुलाचा निरोप तरी कसा गेला? या प्रश्नाचे उत्तर लहरींत जितके आहे, तितकेच आपल्या अपेक्षांत आहे. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

आपल्याला हवे तरी काय?

लहरींचे प्रकरण शिकवताना मी वर्गातल्या फळ्यावर दोन रकाने आखतो. एकावर 'निरोप' आणि दुसऱ्यावर 'व्हिडिओ कॉल' असे लिहितो, आणि या दोघांकडून तुम्हाला काय हवे ते सांगा, असे विद्यार्थ्यांना विचारतो.

निरोपाच्या रकान्यात अशी उत्तरे येतात: तो पोहोचलाच पाहिजे; त्यातले एकही अक्षर गळता कामा नये; आधी लिहिलेले आधी दिसले पाहिजे; पोहोचल्याचे आपल्याला कळले पाहिजे; आणि तिसऱ्याने तो वाचू नये. मात्र तो दहा सेकंद उशिरा पोहोचला, तरी कोणाची तक्रार नसते.

दुसऱ्या रकान्यात पहिले उत्तर ठरलेले असते: लगेच! आपण बोललो की समोरच्याने तत्क्षणी ऐकले पाहिजे. त्यानंतर येतो स्पष्ट आवाज, आणि मग चित्र. २०२० सालच्या टाळेबंदीत वर्ग फोनवर भरत होते, तेव्हाचा अनुभव आठवा. शिक्षकांचे चित्र गोठले तरी धडा चालू राही. आवाज गेला की वर्गच बंद पडे.

म्हणजे एका ठिकाणी आपल्याला पूर्णता हवी आहे आणि थोडा उशीर चालतो. दुसऱ्या ठिकाणी वेळ हवी आहे आणि थोडी मोडतोड चालते. हा भेद ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

थोडे गणित

फोनमधून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती अक्षर असो की आजीचे हसू, शून्य आणि एक या दोन अंकांच्या रूपात जाते. अशा एका अंकाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट लागतात. 'पोहोचलो' या शब्दात प, ओकार, ह, ओकार, च, ल, ओकार अशी ७ चिन्हे आहेत. म्हणजे झाले २१ बाइट, अर्थात १६८ बिट. पत्ता, कुलूप वगैरे सरंजाम धरला तर हा आकडा बराच वाढतो, पण तरीही ओझे हलकेच.

आता आवाज घ्या. जुन्या अंकीय दूरध्वनीत आवाजाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजत आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहीत. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याला ६४,००० बिट. तेवढ्यात 'पोहोचलो' हा शब्द ३८० वेळा लिहून होईल!

चित्राची तर गोष्टच वेगळी. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे साधे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे, असा गुणाकार करून पाहा. उत्तर येते सेकंदाला २२ कोटींहून अधिक बिट. एवढा भार कोणी वाहत नाही. आजी बोलते तेव्हा तिच्या मागची भिंत बदलत नाही, हलतात ते फक्त ओठ, डोळे आणि हात. म्हणून फोन पहिले चित्र पूर्ण पाठवतो आणि पुढे 'काय बदलले' तेवढेच कळवतो. अशा युक्त्यांनी तो भार सेकंदाला पाच-दहा लाख बिटांवर येतो. पण या काटकसरीची किंमतही मोजावी लागते. मधला एक तुकडा हरवला, की 'काय बदलले' सांगणाऱ्या पुढच्या तुकड्यांना आधार उरत नाही. चित्राचे चौकोन होतात ते यामुळे.

रजिस्टर टपाल आणि धावते समालोचन

इंटरनेटवर कोणतीही माहिती अखंड धारेसारखी जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता लिहून ते स्वतंत्रपणे धाडले जातात. या तुकड्यांना पाकिटे म्हणू. वाटेत गर्दी झाली तर काही पाकिटे रखडतात, काही हरवतात. हरवलेल्या पाकिटाचे करायचे काय, हा खरा प्रश्न आहे.

निरोपाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. रजिस्टर टपालाची पोच जशी सहीनिशी परत येते, तशी येथेही पोच येते. ती आली नाही, तर फोन तेच पाकीट पुन्हा पाठवतो. समोरचा फोन बंद असला, तर निरोप मधल्या संगणकावर वाट पाहत बसतो. व्हॉट्सअॅपवर एक खूण दिसते ती निरोप निघाल्याची, दोन दिसतात त्या समोरच्या फोनवर पोहोचल्याच्या. म्हणजे या खुणा पोस्टमनने आणून दिलेल्या पोचपावत्याच होत.

बोलण्याच्या बाबतीत मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते. रेडिओवर क्रिकेटचे धावते समालोचन ऐकताना एखादा शब्द खरखरीत बुडाला, तर निवेदकाने थांबून तो पुन्हा सांगावा असे आपण म्हणतो का? तोवर पुढचा चेंडू पडलेला असतो. आवाजाचे एक पाकीट साधारण २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे असते. ते हरवले तर फोन आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बुजवून टाकतो आणि पुढे जातो. उशिरा आलेले पाकीट तर तो सरळ फेकून देतो.

गंमत म्हणजे हा भेद इंटरनेटच्या जडणघडणीतच उतरलेला आहे. १९७४ साली विंट सर्फ आणि बॉब कान यांनी जाळ्यांना जोडणाऱ्या नियमांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पाकीट खात्रीने पोहोचवण्याची जबाबदारी होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या आर्पानेट या जाळ्यावरून मानवी आवाज पाठवण्याचे प्रयोग चालू होते. आवाजासाठी ही खात्री अडचणीचीच ठरते, असे डॅनी कोहेन आदी संशोधकांनी आग्रहाने मांडले. पुढे १९७८ मध्ये त्या नियमांचे दोन भाग केले गेले. पत्त्यावर पाकीट धाडण्याचे काम झाले आयपीचे आणि खात्रीचे काम टीसीपीचे. १९८० मध्ये खात्री न देणारा पण हलकाफुलका असा यूडीपी हा नियमसंच आला. आजही निरोप सहसा पहिल्या वाटेने आणि कॉल सहसा दुसऱ्या वाटेने जातो.

विलंब कोठे होतो?

कॉल 'लगेच' पोहोचला पाहिजे, म्हणजे नेमका किती वेळात? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषण बहुधा सहज वाटते. तो ४०० च्या वर गेला, की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात.

यातला काही विलंब निसर्गानेच लावून दिला आहे. काचेच्या प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते टोरांटो हे अंतर अगदी सरळ धरले तरी साडेबारा हजार किलोमीटर आहे. भागाकार करा: ६२ मिलिसेकंद तर वाटेतच गेले! वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबली काही सरळ रेषेत जात नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात वेळ याहून अधिकच लागतो. पूर्वी परदेशी कॉल उपग्रहामार्फत जात, तेव्हा तर बिकट अवस्था होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद, आणि प्रश्नाला उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सहज जाई. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना तो अनुभव आठवत असेल.

उरलेला विलंब वाटेतल्या रांगांचा असतो. लोकलमधले हजारो प्रवासी जवळच्या मोजक्या टॉवरांकडून एकाच वेळी वेळेचा वाटा मागतात. त्यातच धावती गाडी फोनला एका टॉवरच्या हाती सोडून दुसऱ्याच्या हाती देत असते. या देवघेवीत क्षणभर खंड पडला, तर आजोबांच्या कॉलची कित्येक पाकिटे बुडतात. मुलाचा निरोप मात्र तो क्षण थांबतो आणि वाट मोकळी होताच निघून जातो. आपल्या कोड्याचे उत्तर हेच.

करून पाहा

एक मित्र आणि एक घड्याळ घ्या. प्रथम समोरासमोर बसून आळीपाळीने आकडे म्हणा: तुम्ही 'एक', त्याने 'दोन', तुम्ही 'तीन', असे वीसपर्यंत. समोरच्याचा आकडा ऐकल्याशिवाय पुढचा म्हणायचा नाही. 'एक' म्हणायला लागल्यापासून 'वीस' ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजा. मग मित्राला दुसऱ्या खोलीत पाठवून हेच व्हिडिओ कॉलवर करा. समजा, पहिल्या वेळी १२ सेकंद लागले आणि दुसऱ्या वेळी १६. जादा ४ सेकंद वीस फेकींत वाटले गेले, म्हणून एका दिशेचा विलंब ४ भागिले २०, म्हणजे ०.२ सेकंद किंवा २०० मिलिसेकंद. प्रयोग पाच वेळा करून सरासरी घ्या. पहाटे आणि रात्री नऊ वाजता केल्यास फरक पडतो का, तेही नोंदवा.

पाणी भरते तेव्हा

हे सारे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही, हे मला एका पावसाने शिकवले. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचले आणि लोकल बंद पडल्या. वसई-विरारच्या अनेक भागांत वीजही गेली. मी वसईला अडकलो होतो आणि घर विरारला. अर्धा तास मी घरी फोन लावत राहिलो. कधी लागेना, कधी लागून तुटे. शेजारी उभा असलेला अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मेसेज टाकून ठेवा. वाट मिळेल तेव्हा जाईल." वर्षानुवर्षे लहरी शिकवणाऱ्या मला हे सुचले नव्हते! मी लिहिले, "वसईला आहे, सुखरूप." काही वेळाने पत्नीचे उत्तर आले, "सगळे ठीक. पाणी जिन्यापर्यंत. येऊ नका."

त्या दोन शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला, आणि कंबरभर पाण्यातून घर गाठण्याचा वेडेपणाही टळला.

कॉलला वाट सतत मोकळी लागते. निरोपाला ती एखादा क्षण मिळाली तरी पुरते. शिवाय शंभर जणांनी कॉलचा हट्ट सोडून निरोप पाठवले, तर टॉवरवरची गर्दी हटते आणि ज्याला खरोखर कॉलची गरज आहे त्याला जागा मिळते. साधा एसएमएस तर इंटरनेट नसतानाही जातो आणि एका एसएमएसमध्ये देवनागरीची ७० चिन्हे मावतात. 'मी कोठे आहे, कसा आहे' हे सांगायला तेवढी पुष्कळ झाली. तातडीची मदत हवी असेल तर मात्र ११२ ला कॉलच करायचा, कारण तेथे उलट प्रश्न विचारून लगेच उत्तर घ्यावे लागते. आणि कॉल अडखळू लागला, तर आधी कॅमेरा बंद करा. ओझे उतरले की आवाज पुष्कळदा सावरतो.

जाता जाता एक प्रश्न. दोन कर्णबधिर मित्र व्हिडिओ कॉलवर खुणांच्या भाषेत बोलत आहेत आणि नेटवर्क कमकुवत आहे. तुम्ही जर त्या फोनची आज्ञावली लिहिणारे असता, तर काय टाकले असते आणि काय राखले असते: आवाज, चित्राची स्पष्टता, की सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या? वर्गात यावर चर्चा करा. उत्तर शोधताना पहिला प्रश्न यंत्राला न विचारता माणसाला विचारा: गड्या, तुला काय हवे आहे?