तांदळाचे पापड करताना मिठाचा हिशेब ठेवा

उन्हाळा लागला की घरोघरी वाळवणाची घाई सुरू होते. अंगणात बाजेवर धुतलेली धोतरे, लुगडी अंथरली जातात आणि कुरडया, सांडगे, ज्वारीचे व तांदळाचे पापड उन्हात पडतात. वर्षाची बेगमी असलेले हे पदार्थ आपण पाहुण्यांना आग्रहाने वाढतो. पण रक्तदाबाचा रुग्ण "डॉक्टर, मी मीठ वरून घेतच नाही" असे सांगतो तेव्हा त्याच्या ताटातल्या पापडाची चौकशी करावी लागते.

पापड फुलतो कसा? तांदळाचे पीठ वाफेवर शिजले की त्यातील पिष्ट पाणी शोषून चिकट होते. लाटलेला पापड वाळला तरी आत थोडा ओलावा राहतो. तापलेल्या तेलात किंवा निखाऱ्यावर त्या ओलाव्याची एकदम वाफ होते व पापड फुलतो. म्हणजे मुख्य काम उकड आणि वाळवण करते. पापडखार त्याला मदत करतो, एवढेच.

पापडखार म्हणजे सोडियमचे क्षार. आपल्या लोणार सरोवराचे पाणी ज्यांमुळे अल्कधर्मी झाले आहे, त्याच जातीचे हे क्षार. खार जिभेला मिठासारखा खारट लागत नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. परंतु १० ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे ७ ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. पापडखारात धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असेल तर ते आणखी जास्त भरते.

समजा, १ किलो पिठात २५ ग्रॅम मीठ व २० ग्रॅम खार घातला आणि १०० पापड झाले. तर ४ पापडांतून सुमारे दीड ग्रॅम मिठाइतके सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. भाजी, वरण, लोणचे, ठेचा यांचे मीठ वेगळेच!

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील वाचकांनी तर अधिक जपावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे असते आणि मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे चर्चेत आहे.

मग पापड सोडायचे का? नाही, कृती थोडी बदलावी. तांदूळ तीन दिवस भिजवावेत व पाणी रोज बदलावे. नंतर सावलीत वाळवून बारीक दळावेत. १ किलो पिठाला मीठ १५ ग्रॅम, खार ५ ग्रॅमच घ्यावा. चवीसाठी जिरे, तीळ, हिंग सढळ हाताने घालावे. जेवढ्या वाट्या पीठ तेवढ्याच वाट्या पाणी उकळून त्यात पीठ घेरावे, गोळे करून पुन्हा वाफवावेत व गरम असतानाच मळून पातळ लाटावेत. पापड किंचित कमी फुलेल, पण सोडियम निम्म्याहून कमी होईल.

वाळवताना वर पातळ कापड घालावे, म्हणजे धूळ व माश्या बसणार नाहीत. पापड कडकडीत वाळल्यावरच डब्यात भरावेत. पावसाळ्यात बुरशी दिसली तर ते फेकून द्यावेत, कारण काही बुरशींचे विष तळूनही जात नाही.

जपानमध्येही तांदळाची उकड लाटून, वाळवून 'सेनबेई' नावाचा कुरकुरीत पदार्थ करतात. टोकियोजवळचे सोका गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिकडे तो बहुधा निखाऱ्यावर भाजतात. मात्र वरून सोया सॉस लावत असल्याने मीठ त्यातही असतेच. आपण भाजण्याची रीत घ्यावी, सॉस सोडून द्यावा. तळायचेच असेल तर एकदा वापरलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नये.

सैंधव किंवा काळे मीठ घातले तरी फरक पडत नाही. तेही सोडियमच. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पापड टाळावा, तसेच 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते व ते अशा रुग्णांना घातक ठरू शकते.

यंदा पीठ उकडायला घ्याल तेव्हा मीठ व खार मुठीने टाकू नका, चमच्याने मोजा. तेवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले.