शेवटचं पाणी

‘रोल धुवायला टाकलाय’ असं आपण सर्रास म्हणायचो. त्या धुण्यात पाण्यापेक्षा रसायनांचंच काम जास्त. पाण्याचं खरं धुणं पुढचं. डार्करूममध्ये कागदावर चित्र उमटलं, फिक्सरमध्ये पक्कं झालं, दिवा लागला, सगळ्यांनी वाहवा केली, की मग ते सुरू होतं. त्याच्याकडे बघायला कुणी थांबत नाही. प्रिंटचं आयुष्य मात्र तिथं ठरतं.

फिक्सर म्हणजे आपला हायपो, सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि त्या नोंदीचं सोनं झालं. उजेड न लागलेली चांदी हायपो काढून नेतो, म्हणून चित्र उजेडात टिकतं. पण तोच हायपो कागदात राहिला, तर त्यातलं गंधक हळूहळू चित्राच्या चांदीला धरतं. काळे भाग पिवळट तपकिरी होतात, फिकट छटा पुसल्या जातात. आद्य छायाचित्रकार टॅल्बट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकातली कितीतरी चित्रं अपुऱ्या धुण्यामुळे अशीच विटली. हे दुखणं इतकं वाढलं की लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये खास समिती नेमली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला ५० पौंड दिले. समितीने पहिला दोष ठेवला तो कागदात उरलेल्या हायपोवर, आणि दमट हवेलाही जबाबदार धरलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच उभी राहिली होती. चार महिने भिंतींना ओल असणाऱ्या या शहरात तो निष्कर्ष किती लागू पडत असेल, हे वेगळं सांगायला नको.

फायबर पेपरला हे धुणं जड जातं ते त्याच्या घडणीमुळे. खाली निव्वळ कागद, त्यावर बरायटा म्हणजे बेरियम सल्फेटचा शुभ्र थर, त्यावर जिलेटिन. प्लॅस्टिकचं अस्तर असलेला आरसी पेपर दोन मिनिटांत धुऊन निघतो, कारण रसायन आतल्या कागदापर्यंत पोचतच नाही. फायबरचे धागे मात्र हायपो पिऊन बसतात. नुसत्या पाण्याने तासभर तरी लागतो. नळ धो धो सोडल्याने फारसा फरक पडत नाही. हायपो कागदातून आपल्या गतीने बाहेर झिरपतो, आपण फक्त भोवतालचं पाणी ताजं ठेवायचं. प्रिंट एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. पाणी फार गार असेल तर वेळ वाढवायचा.

खाऱ्या पाण्यात हायपो लवकर सुटतो, हे समुद्राच्या पाण्याने धुताना कळलं. त्याच तत्त्वावर आता मध्ये दहा मिनिटं सोडियम सल्फाइटचं सौम्य द्रावण देतात. मग उरलेलं धुणं बरंच आटोपशीर होतं आणि पाणी वाचतं. पाणी जपून वापरणाऱ्या आपल्या गावांत ही सोय मला फार मोलाची वाटते. पण फिक्सरच थकलेला असेल, तर कागदात चांदीची न विरघळणारी संयुगं अडकतात. ती दिवसभराच्या धुण्यानेही निघत नाहीत.

टोनिंगमध्ये, म्हणजे प्रिंटची रंगछटा बदलताना, अपुऱ्या धुण्याची चूक चव्हाट्यावर येते. सेपियासाठी प्रिंट आधी पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणात फिकी करतात. कागदात हायपो उरला असेल तर दोन्ही मिळून चांदी खाणारं मिश्रण होतं. फिकट छटा जातात त्या कायमच्या. ढगांचं कोवळं करडेपण डोळ्यांदेखत विरताना पाहिलं, की जीव कळवळतो. नीट धुतलेल्या प्रिंटला पुढे सोडियम सल्फाइड दिलं की चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं आणि उबदार तपकिरी रंग चढतो. सडक्या अंड्याचा वास मात्र सोसावा लागतो. खिडक्या उघड्या हव्यात. सेलेनियम मला अधिक आवडतं. काळा रंग गहिरा होतो, किंचित जांभळट झाक येते आणि चांदीला संरक्षण मिळतं. ते विषारी आहे, हातमोजे घालायचेच. बाजारात मिळणाऱ्या सेलेनियम टोनरमध्ये पुष्कळदा थायोसल्फेट असतंच. म्हणजे टोनिंगनंतर पुन्हा धुणं आलं.

पूर्ण धुतलं गेलं की नाही, हे नजरेला कळत नाही. त्यासाठी ओल्या प्रिंटच्या कोऱ्या कडेवर सिल्व्हर नायट्रेट आणि ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. दोन मिनिटं थांबायचं, टिपून घ्यायचा. डाग अगदी फिका, जेमतेम दिसेल इतपत असला, तर प्रिंट जाळीवर वाळत घालावी. तपकिरी उमटला, तर पुन्हा पाण्यात.