उंबरठ्याचा खर्च



‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुन्या जालन्यात आजही ऐकू येते. कुंडलिकेच्या काठचे हे नगर व्यापारावर वाढले; बियाणे आणि लोखंडी सळया यांमुळे ते आज ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे स्थापिलेल्या महिको कंपनीने अमेरिकेतील मोन्सॅन्टोशी भागीदारी केली आणि २००२ साली बीटी कापसाचे वाण भारतात आणले. परदेशाशी असा व्यवहार एखाद्याच पेढीस का साधतो?

मार्क मेलिट्झ या अर्थशास्त्रज्ञाने २००३ साली त्याची मीमांसा केली. परदेशी बाजारात शिरण्यापूर्वी गिऱ्हाईक शोधणे, माल तेथील नियमांस उतरविणे, असा ठोक खर्च पडतो. माल एक गाडी जावो की शंभर, तो चुकत नाही. कर्तबगार पेढीसच तो झेपतो. ती वाढते, दुबळी मागे पडते, क्वचित बंदही होते.

आता हाच हिशेब घरातील मुलीस लावून पाहा. विद्यापीठाच्या दारी तिलाही एक ठोक खर्च पडतो. भावास तो बहुधा पडत नाही. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले, की वाट अधिक सुरक्षित असावी म्हणून मुली चांगले महाविद्यालय सोडून कमी प्रतीचे पत्करतात. मुलगे तसे फारसे करीत नाहीत. व्यापाराचा उंबरठा निदान कर्तबगारास पुढे जाऊ देतो. या उंबरठ्यावर मात्र कर्तबगार मुलगीच अडते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. उपाय स्तुत्य खरा. परंतु फी माफ झाली म्हणून वाट माफ होत नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ साली जालन्यात निघाली, तिचे मोल याचसाठी अधिक. येथील मुलींची वाट तिने आखूड केली.

तेव्हा मुलगी कोणता विषय घेणार, हे विचारण्यापूर्वी ती कोणत्या वाटेने जाणार आणि राहणार कोठे, याचा विचार आपण केला आहे काय? तो भार घराने आणि नगराने वाटून घेतला, तरच निवड खरोखर तिची होईल.